अपक्ष उमेदवाराचे दहा सूचक : सही करण्याआधी आणि केल्यानंतर

तुमच्या भागातला एखादा माणूस विधानसभेला अपक्ष उभा राहतोय. तुम्हाला तो पटतो. एके संध्याकाळी तो चहाला येतो आणि विचारतो, “सूचक म्हणून सही कराल ना?” किंवा याहून अवघड म्हणजे, “दहा सूचक गोळा करायचं तेवढं तुम्ही बघा.” सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून त्याच्या अर्जावर सही करणारा मतदार. असा चहा ज्यांच्या वाट्याला आलाय किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

२०२४ च्या ऑक्टोबरात हे काम माझ्या गळ्यात पडलं. आमचे तात्या उभे राहत होते. गावोगाव पाणलोटाची कामं उभी केलेला माणूस, पण पक्ष नाही, पैसा नाही. तोवर माझा राजकीय पाठिंबा म्हणजे व्हॉट्सअॅपचं स्टेटस, आणि एकदा एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत ‘शुभेच्छुक’ म्हणून आलेला माझा फोटो. तो छापला होता हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. फ्लेक्सवर यायला मतदार यादीतला अनुक्रमांक लागत नाही. सूचक व्हायला लागतो. आणि तो चुकला तर फटका तुम्हाला नाही, उमेदवाराला बसतो.

खालचं सगळं विधानसभेपुरतं आहे. लोकसभेचे नियम बहुतांशी हेच, फक्त अर्जाचा नमुना आणि रकमा वेगळ्या. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांचा कारभार राज्य निवडणूक आयोगाकडे असतो. त्यांचे नियम निराळे, म्हणून हा लेख घेऊन तिकडे जाऊ नका.

१. आधी ठरवा : एक सूचक की दहा?

मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्षाचा, किंवा महाराष्ट्रात मान्यता असलेल्या राज्य पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक पुरतो. बाकी सगळ्यांना दहा. ‘बाकी सगळे’ म्हणजे फक्त अपक्ष नव्हेत. पक्ष निवडणूक आयोगाकडे नोंदलेला आहे पण त्याला मान्यता नाही, तरी दहाच लागतात. दुसऱ्या राज्यात मान्यता आहे आणि इथे नाही, तरी दहा. लेटरहेड आणि झेंडा आहे म्हणून एका सहीवर अर्ज घेऊन येणारे दर निवडणुकीला दिसतात.

सगळ्यात मोठा सापळा आहे तो बंडखोरांसाठी. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे ‘हाच आमचा अधिकृत उमेदवार’ हे सांगणारा कागद, येणार म्हणून माणूस एका सूचकाचा अर्ज भरतो. शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत एबी फॉर्म येत नाही, दुसऱ्यालाच मिळतो. मग हा म्हणतो, “चला, अपक्ष लढू.” कसा लढणार? अर्जावर सूचक एकच आहे. उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते. त्यामुळे ज्याचं तिकीट पक्कं नाही त्याने एक अर्ज पक्षाकडून आणि एक दहा सह्यांचा अपक्ष, असे दोन भरून ठेवावेत. अनुभवी कार्यकर्ते न सांगता हे करतात.

नमुना २ब हा विधानसभेचा अर्ज. त्यात भाग एक हा एका सूचकाचा, भाग दोन हा दहा सूचकांचा. जो लागू नाही तो खोडायचा.

२. दहा नको, पंधरा माणसं शोधा

कायद्याची अट एकच : सूचक त्याच विधानसभा मतदारसंघाचा मतदार हवा. उमेदवार मात्र राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो, फक्त त्याला आपलं नाव असलेल्या यादीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. लोक नेमकं उलटं धरून चालतात. “उमेदवार बाहेरचा चालतो तर सूचक का नाही?” नाही चालत.

कायद्याबाहेरच्या अटी जास्त आहेत आणि त्या कुणी लिहून ठेवत नाही.

सरकारी नोकर नको. शिक्षक, तलाठी, जिल्हा परिषदेचा कर्मचारी, कितीही जवळचा असला तरी त्याला विचारूसुद्धा नका. सेवेच्या नियमांत निवडणुकीत भाग घ्यायला बंदी आहे, आणि अर्जावर सूचक म्हणून सही करण्यापेक्षा ठळक भाग दुसरा कुठला? त्याची नोकरी अडचणीत येईल. निवृत्त शिक्षक मात्र उत्तम. अक्षर चांगलं, वेळेवर येतात, आणि कुणाला घाबरत नाहीत.

दुसरं, ज्याची नाडी दुसऱ्याच्या हातात आहे असा माणूस शक्यतो नको. आमच्याकडे ऊस. ऑक्टोबर संपता संपता सगळ्यांचं लक्ष तोडीच्या तारखेकडे लागलेलं. कारखाना ज्यांच्या ताब्यात, त्यांचाच माणूस समोर उभा असेल, तर आठ एकर ऊस रानात उभा असलेल्या शेतकऱ्याकडे सही मागणं हे त्याला पेचात टाकणं आहे. तो नाही म्हणणार नाही, संकोचाने सही करेल, आणि दोन दिवसांनी त्याचा फोन बंद लागेल. सोसायटीचं कर्ज, दूध संघ, मुलाची संस्थेतली कंत्राटी नोकरी, हे सगळं आधी मनातल्या मनात तपासा. मी तपासलं नव्हतं. पहिल्या दहातले दोघं असेच गेले. त्यांना दोष देत नाही. तोड मिळाली नसती तर मी थोडाच ऊस तोडून देणार होतो?

तिसरं, शक्यतो एका घरातले, एका भावकीतले दहा घेऊ नका. कायद्याला चालतं. पण घरात एक भांडण झालं की दहाच्या दहा सह्या धोक्यात.

पंधरा का, तर दहातला एक जरी मतदार नाही असं निघालं तर राहिलेल्या नऊ सह्यांचा उपयोग नाही. अकरावी ओळ अर्जात नसते. राखीव माणसं दुसऱ्या अर्जावर वापरायची. जमलंच तर वीस जणांचे दोन पूर्ण वेगळे संच करा. एकातला कुणी फिरला तरी दुसरा उभा राहतो.

३. ओळखपत्र बाजूला ठेवा, मतदार यादी उघडा

सूचकाच्या रकान्यात लिहायचं असतं ते यादीचा भाग क्रमांक, त्या भागातला अनुक्रमांक, पूर्ण नाव, सही, तारीख. मतदार ओळखपत्रावरचा अक्षरं-आकड्यांचा नंबर हा अनुक्रमांक नव्हे. दहापैकी सहा जण हाच नंबर सांगतात, फोनवर, ठामपणे.

मागच्या निवडणुकीची चिठ्ठीही चालणार नाही. यादी सुधारली की क्रमांक बदलतात. चालू यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार मिळते, मतदार सेवा पोर्टलवर एकेकाचं नाव शोधता येतं. तरी मी सांगेन, त्या भागाची यादी उघडून डोळ्यांनी ओळ बघा. दोन कारणांसाठी. मूळ यादीला पुरवणी जोडलेली असते, आणि मूळ यादीत दिसणारं नाव पुरवणीत वगळलेलंही असू शकतं. गावातल्या बीएलओंना, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्यांना, विचारलं तर दोन मिनिटांत सांगतात. बऱ्याचदा त्या अंगणवाडीच्या ताई असतात आणि त्यांना अख्खा भाग पाठ असतो.

आता माझी फजिती. आमच्या गावाला लागून ओढ्यापलीकडे एक वाडी आहे. जत्रा एक, रेशन दुकान एक, सुखदुःख एक. तिथल्या दोघांची नावं मी डोळे झाकून घेतली. २८ तारखेला रात्री साडेनऊला यादी घेऊन बसलो तर दोघंही आमच्या कुठल्याच भागात सापडेनात. नाव चुकलं असेल म्हणून आडनावावरून शोधलं, मग वडिलांच्या नावावरून. शेवटी बायको म्हणाली, “त्यांचं मतदान तिकडच्या आमदाराला असतं की.” मतदारसंघाची हद्द ओढ्यातून गेली होती. पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर राजकारणावर वाद घातला, पण आम्ही एकाच आमदाराला मत देत नाही हे कधी लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख, वर धनत्रयोदशी. सकाळी सहाला दोन नवीन सूचकांच्या दारात उभा होतो. एकाकडे रांगोळी चालू होती.

नावाच्या लिहिण्यात किरकोळ फरक असेल, यादीत ‘दत्तात्रय’ आणि अर्जात ‘दत्तात्रेय’, तर घाबरू नका. अशा लेखनचुकीवरून अर्ज बाद करू नये असं कायदाच सांगतो, आणि अर्ज घेताना निवडणूक निर्णय अधिकारी ती दुरुस्त करू देतात. पण माणूसच यादीत नसेल तर ती लेखनचूक नव्हे.

४. सही समोर घ्या. अंगठा असेल तर साहेबांच्याच समोर

कोरा अर्ज घरोघर फिरवू नका. “ठेवून जा, संध्याकाळी सही करून पाठवतो” हेही नको. सूचकाच्या वतीने त्याच्या मुलाने सही केली, असं प्रेमापोटी घडतं, आणि छाननीत ‘सही खरी नाही’ हे अर्ज बाद करण्याचं सरळ कारण आहे.

एका ठिकाणी दहा जणांना बोलवा. आम्ही देवळाच्या सभामंडपात बसलो होतो. आधी प्रत्येकाची ओळ यादीशी ताडून पेन्सिलीने खूण केली, मग सही. बँकेत करता तशीच करा, असं प्रत्येकाला सांगा. मराठीत करत असाल तर मराठीत. सही करतानाचा साधा मोबाइलवरचा व्हिडिओ काढून ठेवा, माणूस, कागद आणि पेन एका चौकटीत दिसेल असा. हा सल्ला मला एका जुन्या वकिलांनी दिला. तेव्हा अति वाटला होता, आता वाटत नाही.

अंगठ्याचं वेगळं आहे. ज्यांना नाव लिहिता येत नाही त्यांनी घरी उमटवलेला अंगठा ही सही धरली जात नाही. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने नेमून दिलेल्या अधिकाऱ्यासमोर उमटवायचा, आणि त्या अधिकाऱ्याने तो साक्षांकित करायचा. आमच्या दहात एक काकू होत्या, सत्तरीच्या. पाणलोटाच्या कामात श्रमदानाला सगळ्यात आधी यायच्या. त्यांना वगळायचं तात्यांच्या जिवावर आलं. मग दोन दिवस आधी प्रांत ऑफिसात जाऊन वेळ विचारून घेतली आणि काकूंना घेऊन गेलो. कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला. काकूंनी आधी अंगठा पदराला पुसला, मग टेकवला, आणि साहेबांनी शेजारी सही करेपर्यंत तो तसाच अधांतरी धरून ठेवला, जणू काही उचलला तर पुसला जाईल. शेवटच्या दिवशीच्या गर्दीत हे जमलं नसतं. अंगठेबहाद्दर सूचक असतील तर पहिल्या दोन-तीन दिवसांत उरका.

५. सोबत काय काय लागतं

ही उमेदवाराची जबाबदारी, पण सूचकांचं काम बघणाऱ्याकडेच शेवटी फाइल येते. म्हणून :

- नमुना २ब, प्रत्येक संचावर उमेदवाराची सही, दहा सूचकांच्या सह्या
- नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र, मुद्रांकावर, नोटरी किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं
- अनामत : १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० आणि जातीचा दाखला. रोख किंवा चलन. चेक घेत नाहीत
- उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातला असेल तर यादीची प्रमाणित प्रत
- निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचा तपशील. खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं
- अलीकडचे तिकिटाएवढे फोटो
- अपक्षांसाठी : मुक्त चिन्हांपैकी तीन, पसंतीच्या क्रमाने
- आणि तुमच्याकडे : सूचकांची यादी, फोन नंबर, त्यांच्या भागांच्या यादीची छापील पानं, दोन जास्तीचे कोरे अर्ज, चालणारी दोन पेनं

प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की कोऱ्या रकान्यांचं प्रतिज्ञापत्र चालणार नाही, आणि सांगूनही भरलं नाही तर अर्ज बाद होऊ शकतो.

शपथ विसरू नका. अर्ज दिल्यावर उमेदवाराने शपथ घ्यायची असते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. छाननीच्या सकाळी घेऊ म्हटलं तर उशीर झाला. सगळ्यात सोपं म्हणजे अर्ज देऊन झाला की त्याच खोलीत शपथ घेऊन बाहेर पडायचं.

६. अर्ज द्यायला जाताना

अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी मुदत संपते. सकाळी ११ ते दुपारी ३. सुट्टीच्या दिवशी अर्ज घेत नाहीत. २०२४ मध्ये २२ ते २९ ऑक्टोबर अशी मुदत होती, पण मधला शनिवार-रविवार गेला, म्हणजे हातात सहाच दिवस. कॅलेंडर आधी बघा. मुहूर्त बघणारे बघतातच.

अर्ज कोण देऊ शकतो? उमेदवार स्वतः, किंवा त्याच्या सूचकांपैकी एखादा. बस्स. भाऊ नाही, वकील नाही, गाडीचा ड्रायव्हर नाही, पोस्टाने तर नाहीच. उमेदवार आजारी पडला, रस्त्यात अडकला तर सूचकच त्याचा अर्ज वाचवू शकतो. म्हणून एक सूचक असा निवडा जो शेवटच्या दिवशी दहा वाजल्यापासून ऑफिसच्या आवारात बसून राहील आणि ज्याच्या हातात एक पूर्ण संच असेल.

कार्यालयापासून १०० मीटरच्या आत तीनच गाड्या, आणि आत खोलीत उमेदवार धरून पाच जण. दहाच्या दहा सूचकांना आत नेण्याचा हट्ट करू नका, त्याची गरजही नाही. हलगी, ट्रॅक्टर, गुलाल हे सगळं शंभर मीटरच्या बाहेर. ज्यांना शक्तिप्रदर्शन करायचंय ते करोत, पण मिरवणूक संपून अर्ज द्यायचा, हा क्रम मला मान्य नाही. मिरवणूक कधी वेळेवर पोचलीय? त्याच २९ ऑक्टोबरला नागपूर मध्य मतदारसंघात अनीस अहमद, म्हणजे मंत्रिपद भोगलेला माणूस, काही मिनिटं उशिरा पोचले आणि त्यांचा अर्ज राहिला. तुमच्या-माझ्या उमेदवाराला कोण विचारतंय. आधी अर्ज द्या, पोच घ्या, मग नाचा.

आत गेल्यावर अधिकारी कागद तपासून तपासणी-सूची देतात. काय मिळालं, काय बाकी आहे, ते कधीपर्यंत द्यायचं, सगळं त्यावर असतं. पोच आणि छाननीची वेळ-ठिकाण असलेला अर्जाचाच खालचा तुकडा फाडून मिळतो. दोन्ही कागद तिथेच उभं राहून वाचा. बाहेर आल्यावर हार-तुरे सुरू झाले की कुणी वाचत नाही.

७. सूचकाचं नाव फळ्यावर लागतं

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं सूचकाला सही मागण्याआधी सांगायची हीच पहिली गोष्ट आहे. आलेल्या अर्जांची नोटीस त्याच दिवशी कार्यालयाच्या फळ्यावर लावतात. तिच्यात उमेदवाराचं नाव-गाव तर असतंच, शिवाय सूचकांची नावं आणि त्यांचे यादीतले क्रमांकही असतात. म्हणजे मत गुप्त, पण सूचकपण उघड. समोरच्यांची माणसं तिथे मोबाइल घेऊन उभीच असतात. तासाभरात फोटो तालुकाभर.

सूचक झालं म्हणजे त्यालाच मत द्यायला तुम्ही बांधील नाही. अनामत गेली तर ती तुमची जात नाही, निवडणूक खर्चाचा हिशोबही तुमच्यावर येत नाही. एवढं सूचकांना सांगून ठेवा, कारण घरातली माणसं सगळ्यात आधी हेच विचारतात : “पैसे भरायला लागतील का?” नाही. पण लोक फोन करतील, हे खरं.

८. छाननी

मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी. आत जाता येतं ते उमेदवाराला, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीला, एका सूचकाला आणि उमेदवाराने लेखी अधिकार दिलेल्या आणखी एकाला. सूचक म्हणून आत कोण बसणार हे आधी ठरवा. जो मतदार याद्यांची पानं घेऊन आला असेल आणि ज्याचा आवाज चढत नाही, तो. आमच्याकडे निवृत्त मुख्याध्यापक बसले.

बाकीचे नऊ जण फोन चालू ठेवून, तासाभरात पोचता येईल एवढ्या अंतरावर हवेत. का, ते सुरतेत बघायला मिळालं. २०२४ च्या लोकसभेला तिथले काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी प्रतिज्ञापत्रं दिली की अर्जावरच्या सह्या आमच्या नाहीत. उमेदवाराला मुदत दिली, तो सूचकांना हजर करू शकला नाही. अर्ज बाद झाला, त्याच पक्षाचा पर्यायी अर्जही बाद झाला. राहिलेले उमेदवार माघारीला लागले आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. मतदानाच्या आधीच निवडणूक संपली. हे सूचक काही अनोळखी नव्हते, उमेदवाराच्या जवळच्या नात्यातले आणि धंद्यातले होते असं सगळ्या बातम्यांत होतं. म्हणून वर म्हटलं, भावकीतले दहा घेऊ नका.

कुणी हरकत घेतली तर घाईने निर्णय द्यावा लागत नाही. उत्तर द्यायला उमेदवाराला मुदत मागता येते. छाननीचा दिवस धरून तिसऱ्या दिवसापर्यंत, त्यापुढे नाही. मुदत मागताना लेखी मागा. सूचकालाच समोर आणून उभं करणं हे सगळ्यात भक्कम उत्तर. तो येत नसेल तर व्हिडिओ, सभामंडपातले साक्षीदार, जे असेल ते. आणि हो, सूचकाने नुसतं “माझा पाठिंबा काढून घेतो” असं पत्र दिलं म्हणून अर्ज बाद होत नाही. बघतात ते एवढंच की सही खरी आहे का आणि माणूस मतदार आहे का. सही खरी असताना ‘माझी नाही’ असं शपथेवर सांगणं मात्र गुन्हा आहे, आणि हे डळमळणाऱ्या सूचकाला शांतपणे, धमकी न वाटेल असं, कळू द्यावं.

आमच्या वेळी एकच हरकत आली, काकूंच्या अंगठ्यावर. समोरच्याच्या वकिलांनी मोठ्या आवेशात विचारलं की हा अंगठा कुणाचा कशावरून. साहेबांनी पान फिरवून स्वतःचीच साक्षांकनाची सही दाखवली. मुख्याध्यापकांनी तोंडही उघडलं नाही.

९. माघारीचे दिवस

छाननीनंतर माघारीची मुदत. २०२४ ला दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे ती ४ नोव्हेंबरपर्यंत लांबली, आणि जास्तीचे दिवस म्हणजे जास्तीचे फोन. उमेदवाराला येतात तसे सूचकांनाही येतात. “तात्यांना समजवा,” “तुमच्या पोराचं काम बघू,” वगैरे. सूचकांनी ठरवून एकच उत्तर द्यावं : त्यांना विचारा.

इथे एक कायदेशीर गोष्ट जपायची. माघारीचा अर्ज नमुना ५ मध्ये उमेदवाराच्या सहीने असतो, पण तो नेऊन देण्याचा लेखी अधिकार उमेदवार सूचकालाही देऊ शकतो. त्यामुळे “असू दे, कधी लागला तर” म्हणून सही केलेला नमुना ५ किंवा अधिकारपत्र कुणाच्याही खिशात ठेवू नका, सूचकाच्याही नाही. एकदा माघार घेतली की ती परत घेता येत नाही. कोऱ्या कागदावर उमेदवाराच्या सह्या घेऊन ठेवायची कार्यकर्त्यांना फार हौस असते. ती इथे मोडा.

तीन वाजले की दार बंद, आणि मग चिन्हवाटप. एकाच चिन्हावर दोन अपक्षांनी दावा केला तर चिठ्ठी काढतात, तेव्हा उमेदवार किंवा त्याचा माणूस तिथे हवा. तात्यांची पहिली पसंती दुसऱ्याला गेली, दुसरी प्रेशर कुकर होती, ती मिळाली. पाणलोटवाल्याला कुकर! पण बायकांना सांगायला सोपं पडलं.

संध्याकाळी फळ्यावर नवी यादी लागली, लढणाऱ्या उमेदवारांची. तिच्यात सूचकांची नावं नसतात. आदल्या दिवशी भाऊबीज झाली होती, काकू लेकीला एसटीत बसवून तशाच ऑफिसपाशी आल्या. म्हणाल्या, माझं नाव कुठाय ते वाचून दाखव. मी सांगितलं, ते मागच्या कागदावर होतं, काढला तो. मग मोबाइलमधला त्या नोटिशीचा फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, फोटो सरकला, पुन्हा शोधून द्यावा लागला.